चिंचेतले दोन च

निवृत्ती खराडे यांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढला, तो जीव वाचवण्यासाठी. दुसऱ्यांदा गेला तेव्हा आपण काही काढतोय हे काढणाऱ्यालाही कळलं नाही.

खराडे विट्याजवळच्या एका हायस्कुलात क्लार्क होते. पण सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत लोक त्यांना ओळखत ते कुस्तीचे निवेदक म्हणून. मातीत जोड लागली की मंचावर खराडे माइक हातात घ्यायचे. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, मागच्या साली त्यानं कुणाला कोणत्या डावावर चीत केलं, सगळं पाठ. २०३६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आणि घर आठ महिने मुकं झालं. त्या आठ महिन्यांत त्यांची बायको शालन दोघांच्या वाटचं बोलायची. प्रश्नही तीच विचारायची आणि त्यांच्या मानेच्या हालचालीवरून उत्तरही तीच द्यायची.

मग कंठपट्टी आली.

तिची कल्पना ऐकायला सोपी आहे. आपण बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, टाळूला, गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. स्वरयंत्र फक्त नाद पुरवतं. ते काढून टाकलं तरी हुकूम थांबत नाहीत; स्नायूंपर्यंत येऊन पोचतात आणि वाया जातात. गळ्याला आणि हनुवटीखाली चिकटवायची कातडीएवढी पातळ पट्टी त्या हुकमांची सूक्ष्म वीज टिपते. खिशातली काडेपेटीएवढी डबी त्या विजेवरून शब्द ओळखते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचा उच्चार तयार करते. गळ्याचा पोत माणसाचा स्वतःचाच असतो. खराड्यांचा तर जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगमधून हुबेहूब मिळाला होता. पट्टी लावल्यावर ते पहिलं वाक्य बोलले तेव्हा शालनच्या हातातला तांब्या खाली पडला होता.

डबीच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि तो लिनक्सवर चालतो. लिनक्समधला प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो. एक पॅकेज वीज वाचतं, एक शब्द ओळखतं, एक उच्चाराचे नियम सांगतं. प्रत्येकाला दुसरी काही पॅकेजं लागतात आणि कुणाला काय लागतं त्याची यादी त्याच्यासोबतच असते. सगळी एका मोठ्या सार्वजनिक भांडारात ठेवलेली असतात. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की हवं ते पॅकेज, त्याला लागणाऱ्या सगळ्यांसकट, उतरून बसतं. त्यातली निम्मीअधिक पॅकेजं जगभरच्या कुणाकुणी घरी बसून, आवडीपोटी केलेली असतात. ती कोण माणसं, हे वापरणाऱ्याला सहसा माहीत नसतं. खराड्यांनाही नव्हतं.

पाच वर्षं आवाज उत्तम चालला. मग एका सोमवारी संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्यातून रुहीना पठाण या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला.

"काका, कंपनीची नवी आवृत्ती आली आहे. मी इथूनच टाकते. सकाळी फक्त डबी बंद करून चालू करा."

मंगळवारी सकाळी खराड्यांनी डबी चालू केली आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "शालन, पोली झाली का?"

शालननं तव्यावरची नजर काढली. "काय झाली का?"

"पोली. पोली!"

आवाज त्यांचाच होता. त्यातला ळ तेवढा गेला होता. डोळ्याचा डोला झाला होता, टाळीची टाली. आणि च, ज सगळे एकाच साच्यातून निघत होते; चमच्यातला च चार आकड्यातल्या च सारखा, जोडीतला ज जिलबीतल्या ज सारखा. कुणा परक्या माणसानं मराठी पुस्तकातून शिकून बोलावं तसं ते स्वतःच्या घरात बोलत होते.

रुहीनाला त्यांनी मेसेज केला. तिनं तपासलं आणि मनापासून वाईट वाटून कळवलं, "काका, नव्या आवृत्तीत सगळ्या भाषांना एकच उच्चार-संच आहे. कंपनीला लिहिते. पण वेळ लागेल."

खराड्यांनी पट्टी काढून कपाटात ठेवली.

पुढच्या रविवारी भाळवणीचं मैदान होतं. त्यांनी संयोजकांना प्रकृतीचं कारण कळवलं. घरातही ते कागदावर लिहून बोलू लागले. चौथ्या दिवशी दुपारी शालननं तो कागद त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतला.

"मागच्या वेळी तुमचा इलाज नव्हता. आठ महिने मी भिंतींशी बोलले. आता आवाज आहे आणि तुम्ही तो कपाटात ठेवलाय."

त्यांनी लिहिलं, ‘तो माझा नाही.’

"डोला म्हणा नाहीतर डोळा म्हणा, मला कळतंय ना? गप्प बसायचं तुम्ही ठरवलंत. मला विचारलंत का?"

ती मागच्या दारी निघून गेली.  खराड्यांनी लॅपटॉप काढला.

शाळेत असताना कॉम्प्युटरच्या खोलीचं गाडं त्यांच्याच गळ्यात होतं. तिथली जुनी लिनक्सची यंत्रं जिवंत ठेवता ठेवता काळ्या पडद्यावरचे पाचपन्नास हुकूम त्यांना येऊ लागले होते. त्यांनी वायरनं डबी जोडली आणि आत शिरले. कोणत्या दिवशी काय बसवलं, काय काढलं याची नोंद लिनक्स स्वतःच ठेवत असतं. सोमवारच्या नोंदीच्या शेवटी एक ओळ होती:

`Remove: marathi-uchchar (2.11)`

कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. नव्या आवृत्तीच्या यादीत या पॅकेजचं नाव नव्हतं. आता हे कुणालाच लागत नाही असं दिसल्यावर साफसफाईच्या हुकमानं ते केरात टाकलं. भांडारात शोधलं तर तिथूनही गायब. तिथे फक्त सहा महिन्यांपूर्वीची एक टीप होती: सांभाळणाऱ्यानं पॅकेज सोडलं आहे, दुसरं कुणी पुढे आलं नाही, सबब वगळलं.

मात्र पूर्वी कधीतरी उतरवलेली पॅकेजची मूळ फाईल डबीच्या एका कोपऱ्यात पडून होती. त्यांनी ती उघडली. आत बदलांची वही होती. प्रत्येक आवृत्तीत काय सुधारलं ते तिच्यात लिहायचं असतं. बहुतेक वह्या रुक्ष असतात. ही मराठीत होती, आणि चौदा वर्षांची होती.

‘चिंच या एका शब्दात दोन वेगळे च आहेत. दोन दिवस गेले. पास्कलने चिडवले.’

‘जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचा. यंत्राला फरक कसा सांगावा? तूर्त शेजारचे शब्द पाहून. दहातून दोनदा चुकते. क्षमस्व.’

‘पास्कलचे म्हणणे, ‘पण’ शब्दानंतर माणूस किंचित थांबतो. थांबवले. छान वाटते.’

खराडे खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या ‘पण’ नंतरच्या थांबण्यावर मैदानं शिट्ट्या मारत. "...पोरगं वजनानं हलकं आहे, पण—" आणि मग तो क्षण. लोकांना वाटे निवेदकाची करामत. त्यांनाही तसंच वाटत होतं.

सगळ्या नोंदींखाली एकच नाव होतं, जोसेफिन तुस्कानो, आणि एक ईमेल. त्यांनी लिहायला घेतलं. क्लार्क माणूस, अर्ज लिहायची सवय; पण तीनदा खोडून शेवटी एवढंच उरलं: ‘बाई, तुमच्या पॅकेजनं मी पाच वर्षं बोललो. ते गेल्यापासून मी बोलत नाही. परत मिळेल का? आणि न मिळालं तरी, चिंचेसाठी दिलेल्या दोन दिवसांचे आभार.’ खाली फोन नंबर.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. तो शालननं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मी जोसेफिन तुस्कानो. वसईजवळच्या निर्मळहून बोलते. खराडे आहेत?"

"आहेत, समोरच बसलेत. ते लिहितील, मी वाचून दाखवते. चालेल?"

"चालेल. त्यांना विचारा... ते माझ्या पॅकेजनं बोलत होते म्हणजे काय? तोंडानं?"

खराड्यांनी टाइप केलं, शालननं वाचलं. "उठल्यापासून झोपेपर्यंत. भांडलो तर तुमच्याच पॅकेजनं. कुस्तीच्या मैदानात वीस हजार लोकांपुढं सुद्धा."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला वाटत होतं," बाई हळू म्हणाल्या, "फक्त पास्कल वापरतो."

पास्कल त्यांचा धाकटा भाऊ. जन्मापासून आंधळा, आणि वाचनाचं वेड. कॉम्प्युटर पडद्यावरचं मराठी वाचून दाखवायचा, पण ते ऐकून त्याचं डोकं उठायचं. जोसेफिन कॉलेजात ग्रंथपाल होत्या. पन्नाशी उलटल्यावर भावासाठी प्रोग्रामिंग शिकल्या. संध्याकाळी त्या नियम लिहायच्या आणि तो शेजारी बसून एकेक शब्द ऐकून नापास करायचा. आपल्याला झालं ते इतर कुणाला लागलं तर असावं, म्हणून त्यांनी पॅकेज भांडारात ठेवलं. किती यंत्रांवर ते चालतं याचा आकडा भांडारात दिसतो. चौदा वर्षं तो एक होता. कंठपट्टीच्या कंपनीनं रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डब्यांमधली मोजणी बंद ठेवली होती. आणि अशा मोफत पॅकेजच्या परवान्याप्रमाणे ते वापरताना करणाऱ्याला कळवायचीही गरज नव्हती.

"गेल्या वर्षी पास्कल गेला," जोसेफिन म्हणाल्या. "आकडा शून्य झाला. काही महिने तरी मी नेटानं करत राहिले. मग म्हटलं, कुणासाठी? लिहून कळवलं आणि सोडलं. तुमचा आवाज माझ्यामुळे गेला, खराडे."

खराड्यांनी इतक्या वेगानं टाइप केलं की शालनला वाचताना दम लागला. "बाई, असं म्हणू नका. पाच वर्षं आवाज होता, तो कुणामुळं होता ते मला काल कळलं. मी तेवढंच सांगायला लिहिलं होतं."

"फाईल आहे ना तुमच्याकडे? बसवून बघा. मी थांबते."

त्यांनी हुकूम दिला. पडद्यानं नकार दिला. पॅकेजला ध्वनीचं एक जुनं लायब्ररी-पॅकेज लागत होतं आणि तेही भांडारातून गेलं होतं.

"जबरदस्तीनं बसवता येतं," शालननं वाचून दाखवलं. "बसवू का?"

"मुळीच नाही! ते बसेल, पण बाकीचं मोडेल. मग आत्ता येतंय तेवढंही बोलता येणार नाही. नव्या लायब्ररीवर चालेल असं मी पुन्हा बांधते. मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. डोळे साथ देत नाहीत हो आता."

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला फाईल आली. फोन स्पीकरवर होता. जोसेफिन एकेक अक्षर सांगत होत्या, खराडे टाइप करत होते, आणि शालन ओल्या हातांनी दारात उभी होती.

`sudo apt install ./marathi-uchchar_2.12_all.deb`

पडद्यानं विचारलं, पुढे जायचं का? त्यांनी होकाराचं बटण दाबलं. ओळी सरकल्या आणि थांबल्या.

"आता त्याला धरून ठेवा," बाई म्हणाल्या. "म्हणजे पुढच्या वेळी कुणी झाडू मारला तरी ते जागचं हलणार नाही."

`sudo apt-mark hold marathi-uchchar`

खराड्यांनी कपाटातून पट्टी काढून गळ्याला लावली. डबी चालू केली. शालनकडे वळले.

"शालन, चूक झाली माझी."

"काय झाली?"

"चूक."

"परत म्हणा."

"चूक झाली. तुला विचारायला पाहिजे होतं."

ती अजून एकदा म्हणायला लावते आहे ते ‘च’ ऐकायला की कबुली ऐकायला, हे त्यांना कळेना. शालन हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. फोनवर जोसेफिन मोठमोठ्यानं नाक ओढत होत्या. आतापर्यंत त्यांचे नियम त्यांनी फक्त यंत्राच्या तोंडून, पुस्तकाच्या पानावरून ऐकले होते. माणूस बायकोची क्षमा त्यातून मागेल, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

भाळवणीचं मैदान खराड्यांनी केलं. संयोजकांनी त्यांना उशिरा का होईना माइक दिला आणि शेवटची जोड त्यांनी अशी बोलून काढली की हलगीवाला वाजवायचं विसरला. मैदान संपताना त्यांनी हात जोडून, माइकवर, निर्मळच्या जोसेफिन तुस्कानो आणि त्यांचा भाऊ पास्कल यांचे आभार मानले. ही कोणत्या तालमीची मंडळी, हे कुणाला समजलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

रुहीनानं नवं पॅकेज आपल्या ओळखीच्या दवाखान्यांना पाठवलं. त्याच सोमवारी गप्प झालेली माणसं एकेक करून सापडू लागली. परभणीचा एक शिक्षक, रोह्याची एक नर्स, साताऱ्याचा एक शिंपी. दोन महिन्यांत एकतीस पत्रं आली आणि प्रत्येकात कुठला ना कुठला शब्द अडलेला होता. भांडारात पॅकेज परत घ्यायचं तर सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. जोसेफिन चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं.

"खराडे, तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या.

"बाई, मी क्लार्क माणूस. मला हुकूम देता येतो, पॅकेज बांधता कुठं येतं?"

"मलाही येत नव्हतं. मी शिकवीन. पास्कलसारखं नापास करायला मात्र तुम्हीच हवेत. मला आता तेवढं ऐकू येत नाही."

रोज सकाळी दहा ते बारा, फोनवर, त्या शिकवू लागल्या. शालन कधीकधी कोपऱ्यात बसून शेंगा सोलत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "बाई, ह्यांनी आत्ता मधली ओळ गाळली." पावसाळा सरता सरता पॅकेज भांडारात परत गेलं. आता त्याच्या खाली दोन नावं होती.

आणि मग मूर्तिजापूरच्या रेवता ढोके यांचं पत्र आलं.

‘तुमचं यंत्र चांगलं आहे. पन माह्या तोंडून ते डोळा म्हनते, केळी म्हनते. माह्या जन्मात मी तसं म्हटलं नाही. आमी डोया म्हनतो. नातू म्हनते, आजी तू टीव्हीतल्या बाईवानी बोलतं. आपरेशन झाल्यापासून मी घराबाहेरच्या कोनासंग बोललीच नाही. मले माह्यावानी बोलाचं आहे.’

खराड्यांनी ते दोनदा वाचलं. ज्या ळ साठी त्यांनी आठवडाभर तोंड मिटलं होतं, तोच या बाईला नको होता. पहिल्यांदा त्यांना रागच आला. मग पट्टी कपाटात ठेवतानाचा आपला हात आठवला, आणि त्यांनी जोसेफिनला फोन लावला. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

"या तुम्ही दोघं इकडे. हे काम फोनवर होणार नाही."

केळीच्या बागांमधून वाट काढत खराडे पतीपत्नी निर्मळला पोचले, तेव्हा जोसेफिन फाटकातच उभ्या होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी खराड्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "काहीतरी बोला."

"काय बोलू? आठ तास गाडीत बसून अंग आंबलंय, पण..." खराडे थांबले.

"हा पास्कलचा," जोसेफिन म्हणाल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

तीन दिवस ते ओसरीवर बसले. रेवताबाईंनी शब्दांची यादी लिहून पाठवली होती. ळ काढून य घालायचा एवढ्यानं भागत नव्हतं. कुठं काय होतं, कुठं होत नाही, ‘ण’ कुठं ‘न’ होतो, सगळं त्यांना विचारावं लागे आणि त्या ठणकावून उत्तर देत. जोसेफिन नियम सांगत, खराडे लिहीत, शालन मोठ्यानं वाचून तपासत. तिसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाडीचं वेगळं पॅकेज बांधून झालं, आणि त्यांनी मूर्तिजापूरला फोन लावला. तिकडे सून टाइप करत होती.

"होकाराचं बटण दाबलं का?" खराड्यांनी विचारलं.

"दाबलं. झालं म्हणतंय. सासूबाई पट्टी लावतायत."

खरखर झाली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, भरदार, जरा उतावळा.

"हलो. कोन हाय तिकडं? खराडेभाऊ का? आता मी..." आणि एकदम तो आवाज फोनपासून लांब गेला. "कांता! व कांता! थांब नं व जराशी. कुठं चालली उन्हातानाची? डोया कसा हाय तुहा? मले कायजी लागून रायली होती."

रस्त्यावरून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला. "व माय! काकू, तुमी बोलून रायल्या?"

"मीच बोलून रायली. दुसरं कोन बोलन माह्या तोंडून? ये, बस अशी. केयी पिकली का तुह्या घरची?"

सून घाईघाईनं फोनवर म्हणाली, "एक मिनिट हां, बोलावते त्यांना."

"नको," जोसेफिन म्हणाल्या. "बोलू दे त्यांना."

ओसरीवर तिघंही खुर्च्या फोनजवळ ओढून बसली. तिकडे रेवताबाई कांताला ओट्यावर बसवून, आठ महिन्यांपूर्वी अर्धवट राहिलेली कुठलीशी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या होत्या.